विहिरीतलं कासव आणि वरचा तबेला

दर रविवारी फोनवर तुम्ही दोघं एकच मागता, "आजोबा, कासव दाखवा." आणि गेला पावसाळा संपल्यापासून आजोबांचं उत्तरही एकच असतं, "झोपलंय." मागच्या वेळी धाकटीने विचारलं, "इतके दिवस कसं झोपतं?" तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि पंखा बंद करायला उठले. पंखा बंदच होता.

सुट्टीत याल तेव्हा इमारतीच्या मागे तुम्हाला विहीर दिसणार नाही. तिच्या जागी सिमेंटचा सपाट ओटा दिसेल. तो बघून तुम्ही आजोबांना प्रश्न विचाराल, आणि त्यांना उत्तर द्यावं लागेल. ते होऊ नये म्हणून मी, तुमची आजी, आधीच सगळं क्रमाने लिहून ठेवते. एखादा शब्द अडला तर आईला विचारा.

विहिरीपासून सुरुवात करते. बोरिवलीत आम्ही राहायला आलो तेव्हा आपल्या इमारतीची जागा म्हणजे चिकूची वाडी होती. वाडी तोडून इमारत उठली, विहीर तेवढी राहिली. दगडी, गोल, वर लोखंडी जाळी आणि जाळीला एक झडप. कासव वाडीच्या मालकाने सोडलेलं, असं जुना माळी सांगायचा. पाणी स्वच्छ राहावं म्हणून पूर्वी लोक विहिरीत कासव सोडत. पुढे महापालिकेची मलेरियावाली माणसं येऊन गप्पी मासे सोडून जायची, डासांच्या अळ्या खायला. कासवाचं मात्र कुणी काही करायचं नाही, ते आपलं आपण होतं. आजोबा सकाळी चहा झाला की काकडीचे दोन तुकडे घेऊन खाली जायचे, झडप उघडायचे आणि पायरीवर बसायचे. थोड्या वेळाने खालून एक काळं डोकं वर यायचं.

आजोबा स्थापत्य अभियंता. उभं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या टाक्या, नळ आणि मोऱ्या बांधण्यात घालवलं. स्वतःची म्हणून त्यांनी एवढी एक विहीरच मानली. पाणीकपात सुरू झाली की आजूबाजूच्या इमारतींत टँकरसाठी धावपळ व्हायची, आणि आपल्याकडे आजोबा निवांत पंप सुरू करायचे. तुमची आई तुम्हाला पहिल्यांदा इथे घेऊन आली तेव्हा आम्ही तिला हळदकुंकू आणि खण-नारळ घेऊन विहिरीवर पाठवलं होतं. बाळंतिणीने पाण्याला भेटायचं असतं. तिने आधी नाक मुरडलं, मग जाळीतून वाकून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, अजून आहे ते?"

आता तबेला. आपल्या गच्चीवरून पूर्वेला डोंगर दिसतो ना, त्याच्या अलीकडे चढावर पत्र्याच्या लांबच लांब शेड आहेत. तो म्हशींचा तबेला. चित्रातल्यासारखा चार म्हशींचा गोठा डोळ्यापुढे आणू नका. शेकडो म्हशी, सिमेंटची जमीन, एका ओळीत, दोन्ही बाजूंनी दोरीने बांधलेल्या. त्या चरायला कधी जात नाहीत. चारा ट्रकने येतो, दूध टेम्पोने जातं. मधलं जे उरतं ते रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या मोठ्या पाइपने धुऊन काढतात.

पूर्वी शेण सुकवून शेतावर जायचं. वसईकडचे, पालघरकडचे लोक ट्रक घेऊन यायचे. मग शेतं कमी झाली, ट्रक येईनासे झाले, आणि धुतलेलं सगळं तबेल्याच्या एका जाड पाइपमधून आपल्या मागच्या नाल्यात पडू लागलं. ताज्या शेणाच्या वासाचं मला काही नाही, माझं लहानपण सारवलेल्या घरात गेलं आहे. पण साठलेल्या, कुजलेल्या शेणामुताचा वास निराळा. तो डोळ्यांत जातो. आम्ही मागच्या खिडक्या उघडणं बंद केलं. देवाची चांदीची निरांजनं मी घासून ठेवायचे आणि आठवड्याच्या आत ती काळी पडायची. मला वाटलं माझ्या हाताला जोर राहिला नाही. मग एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसाने आतली तांब्याची नळी दाखवली. हिरवी-काळी होऊन तिला भोकं पडली होती. तो म्हणाला, "नाल्याच्या बाजूला राहता ना, काकी? इथे कॉइल टिकणारच नाही. हवाच खाते तिला." जी हवा तांबं खाते ती आम्ही घेत होतो.

तरी कुणी तक्रार करत नव्हतं, आणि त्याचं कारण दूध. सकाळी किटल्या घेऊन चढ चढणारे लोक आपल्याच इमारतीतले. तबेल्याच्या मालकिणीला सगळे भाभी म्हणतात. माझ्याच वयाची बाई, उत्तरेकडून लग्न होऊन इथे आली आणि इथेच म्हातारी झाली. तिचं मराठी तबेल्यातच तयार झालेलं. म्हैस व्याली की पहिल्या दिवसाचा चीक ती ओळखीच्या घरी पाठवायची. चीक विकायचा नाही, वाटायचा, हा तिच्याकडचा रिवाज, आणि माझ्या माहेरचाही तोच. चिकाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी त्यात गूळ घालून पाठवायचे. तुम्ही मिटक्या मारत जो खरवस खाल्ला होता, तो तिच्याच चिकाचा.

शेवटी तक्रार केली ती आजोबांनी. वॉर्ड ऑफिसात ते इतक्या वेळा गेले की तिथला शिपाई त्यांना बघून आपणहून खुर्ची पुढे करायचा. एका हिवाळ्यात महापालिकेची माणसं खरंच आली आणि पाइपचं नाल्यातलं तोंड काँक्रीट ओतून बंद करून गेली. आपले सेक्रेटरी, पहिल्या मजल्यावरचे, वरूनच ओरडले, "काका, झकास! वाट लावलीत त्यांची!" सोसायटीने पेढे वाटले. वास खरंच कमी झाला. मी मागच्या खिडक्या उघडल्या. तुम्ही मागे आलात तो हाच काळ. तुम्हाला आठवत असेल, आजोबा तुम्हाला मुद्दाम नाल्यावरच्या पुलावर घेऊन गेले होते आणि बंद पाइप दाखवला होता, दुसरे लोक बागेतला म्हातारीचा बूट दाखवतात तसा.

त्यानंतरच्या मे महिन्यात एकदा मी पापड वाळत घालायला गच्चीवर गेले. आजोबाही आले होते. तबेल्याच्या मागच्या बाजूला जेसीबी चालू होता, मोठा खड्डा खणत होता.

"काय बांधतायत हो?"

"खत करणार असतील," ते म्हणाले, आणि बराच वेळ तिकडे बघत राहिले. पापडांवर कावळे आले तरी त्यांचं लक्ष नव्हतं. नंतर त्या खड्ड्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, आणि मीही विसरले.

खड्डा वर्षभर, त्याच्या पुढच्या पावसाळ्यापर्यंत भरत गेला. वरून दुधावर धरते तशी जाड साय धरलेली, त्यावर गवतसुद्धा उगवलेलं. लांबून बघणाऱ्याला ते मैदान वाटावं.

आणि त्याच पावसाळ्यात विहीर बदलली. आधी पंप सुरू केला की बादलीत फेस यायला लागला. मग पाण्याला कोऱ्या चहाचा रंग आला. सेक्रेटरी म्हणाले, पावसाचं गढूळ आहे, बसेल खाली. गणपतीच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी आजोबा वर आले आणि चाळणी मागितली. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मासे."

मी खाली गेले. सगळे गप्पी मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. आजोबा दोरीला चाळणी बांधून ते काढत होते, आणि कासव पाण्याच्या अगदी वर, दगडाला टेकून, मान लांब करून राहिलं होतं. काकडी टाकली तर खाल्ली नाही. ते नुसता श्वास घेत होतं.

"हे दिवसभर असंच असतं?"

"रोज," आजोबा म्हणाले.

पाण्याची तपासणी झाली. पिण्यास, आंघोळीस, कशासच योग्य नाही. पाण्यात जे सापडलं ते शेणामुताचं होतं, हे कळायला शिक्षणाची गरज नव्हती, झडप उघडल्यावर वासच येत होता. नाल्याचा जो वास आम्ही घालवला होता तो आता आमच्याच विहिरीतून येत होता. सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरींनी आधी ब्लीचिंग पावडर टाकू म्हटलं. आजोबा म्हणाले, कासव मरेल. मग एक गृहस्थ, ज्यांची गाडी बाहेर रस्त्यावर लागते, म्हणाले, "काका, राग मानू नका, पण ती बुजवूनच टाकू ना. दोन गाड्या आरामात बसतील."

"उपसून साफ होते विहीर," आजोबा म्हणाले. "आणखी कशाचीही गरज नाही. येणारं थांबलं की मी उपसून घेतो."

"येतंय कुठून पण?"

 आजोबांनी दिवाळीपर्यंत मुदत मागितली. त्यांच्याकडे बघून लोकांनी दिली. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. एवढ्या वर्षांत त्यांनी सोसायटीकडे कधी काही मागितलं नव्हतं.

येतंय कुठून हे मला मात्र तेव्हा कळलं. गच्चीवरचा तो जेसीबी आठवला. मी ठरवलं की भाभीशी बोलायचं. तो खड्डा तिने उपसून घ्यावा, ट्रक लावावेत, काहीही करावं, पण दिवाळीच्या आत. आमची ओळख इतक्या वर्षांची, ती ऐकेल असं मला वाटत होतं.

जायचं म्हणते आणि राहतं, असं काही दिवस झालं. कसं बोलावं सुचत नव्हतं. तेवढ्यात तबेल्यातून माणूस नेहमीसारखा कडीचा डबा घेऊन आला. म्हैस व्याली होती, चीक पाठवला होता. मी खरवस केला. वेलची घातली, केशर घातलं. आजोबांनी एक वडी खाल्ली आणि ताटली बाजूला सारली.

डबा परत करायचा होता. मी गूळ काढला, डब्याशी धरला, आणि परत ठेवून दिला. खाली गेले. झडप उघडून पोहऱ्याने विहिरीचं पाणी काढलं, डबा काठोकाठ भरला, झाकण लावलं आणि चढ चढले.

भाभी दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून बसली होती. तिचे गुडघे गेलेत. मला बघून ओरडली, "अरे वा, ताई! स्वतः आल्या! साहेबांनी पायी सोडलं कसं?"

मी डबा तिच्या मांडीवर ठेवला. तिने हसत झाकण उघडलं. वास तिच्या नाकात गेला तसं तिचं हसू मावळलं. तिने झाकण परत लावलं नाही. आत बघत राहिली.

"गूळ महाग झाला काय, ताई?" ती हळूच म्हणाली.

"आमच्या विहिरीचं पाणी आहे, भाभी."

"समजलं मला. तुमच्या आधी समजलं." तिने मागच्या बाजूला हात केला. "आमची बोअरिंग तर मागच्या वर्षीच गेली. असाच रंग. म्हशी तोंड लावत नाहीत. टँकर येतो रोज. म्हशी टँकरचं पाणी पितात, आम्ही पण टँकरचं पितो."

"मग बोलला का नाही कुणाला?"

"कोणाला बोलू? तुमच्या साहेबांना?" आता तिचा आवाज चढला. "त्यांनीच तर पाइप बंद करवला ना! चांगलं केलं, नाला साफ झाला, पेढे पण खाल्ले तुम्ही लोकांनी. पण पाइप बंद केला म्हणून म्हैस हगायची बंद होते काय, ताई? ती तर रोज हगणार. कुठे ठेवू मी? डोक्यावर?"

शेजारी बांधलेल्या म्हशीने तेवढ्यात तेच केलं. भाभीने तिच्याकडे हात दाखवला, "बघा. साक्षीदार." आणि आम्ही दोघी हसलो. 

हसू ओसरल्यावर मी विचारलं, "ट्रक लावून उपसता येणार नाही?"

"कोण घेतो? शेतवाल्यांना पोत्यातलं खत पाहिजे. मुलं म्हणतात जागा बिल्डरला देऊ, म्हशी घेऊन लांब जाऊ, पालघरच्या पुढे. मग खड्ड्यावर माती टाकतील आणि वर टॉवर उभा करतील." ती माझ्याकडे बघत नव्हती. "लोक दूध घ्यायला येतात, तेव्हा कोणी विचारत नाही भाभी, शेण कुठे ठेवता. दूध तेवढं घट्ट पाहिजे."

मग ती कष्टाने उठली, आणि डबा रिकामा करायला दारापुढच्या गटारात पाणी ओतलं. ते पाणी शेडच्या कडेने वाहत मागे निघालं. कुठे जातंय ते आम्ही दोघींनी पाहिलं. त्याच खड्ड्यात.

"चीक पुढच्या वेळी पाठवू की नको?" तिने विचारलं.

मी "पाठवा" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

उतरताना मी एक ठरवलं, की पाइपचं आजोबांना सांगायचं नाही. त्या पाइपचा त्यांना अभिमान होता. त्यांच्या वयात ऊन-पावसात खेटे घालून त्यांनी तेवढं एक मिळवलं होतं, आणि आता त्याच्यामुळेच त्यांची विहीर गेली हे मी कोणत्या तोंडाने सांगू? म्हणायचं, भाभी भेटली नाही.

आजोबा विहिरीच्या पायरीवरच बसले होते. माझ्या हातातला डबा त्यांनी पाहिला. पोहरा ओला होता, तोही त्यांनी पाहिलाच असणार.

"माझा पाइप ना?" ते म्हणाले.

मी शेजारी बसले.

"अगं, चढ तिकडे, उतार इकडे. खाली मुरूम, पाणी झिरपू देणारा. या विहिरीला पाणी कुठून येतं हे मी तुला आपण इथे राहायला आल्यापासून सांगतोय. तबेल्याखालूनच येतं. ज्या दिवशी तिथे जेसीबी दिसला त्या दिवशीच मला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पाइप उघडा म्हणू?" त्यांनी जाळीवर पडलेलं एक पान उचललं. "नाल्यात सोडत होते तेव्हा खाडीत जात होतं. तिथेही कुणाची तरी विहीर असेल, मासे असतील. ते मला दिसत नव्हतं, एवढंच."

दिवाळी झाली. मुदत वाढवून मागू का, असं मी विचारलं तर आजोबा नको म्हणाले. सोसायटीने निदान बुजवायची नाही एवढं मान्य केलं. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून वर स्लॅब टाकायचा ठरला. त्याआधी कासव काढायचं होतं. प्राणी वाचवणारे दोन तरुण मोठी जाळी घेऊन आले. त्यांनी पंप लावून पाणी निम्म्यावर आणलं, पण वासाने त्यातल्या एकाला उलटी झाली. जाळी तळापर्यंत फिरवली. गाळ आला, तुमच्या आईच्या वेळचा एक नारळ आला, कासव आलं नाही. त्याआधी चार-पाच दिवस ते वर दिसलं नव्हतं. तरुण म्हणाले, गाळात दडून बसतात कधीकधी. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही की त्यांना तसं खरंच वाटतं आहे. आजोबांनी मात्र ते वाक्य धरून ठेवलं.

म्हणून स्लॅब घालायला गवंडी आला तेव्हा आजोबा त्याच्याजवळ उभे राहिले आणि मधोमध पंजाएवढं भोक ठेवायला लावलं. सेक्रेटरी म्हणाले, "काका, भोक कशाला? डास येतील." आजोबा म्हणाले, "हवा लागते." सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.  दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी स्वतः भोकावर ठेवायला जाळीचं झाकण आणून दिलं.

पाणी अजून तसंच आहे. भाभीच्या मुलांनी दुसरा खड्डा खणला आहे, पहिल्याच्या खाली, म्हणजे आपल्या आणखी जवळ. गच्चीवरून दिसतो. निरांजनं पुन्हा काळी पडू लागली आहेत. मी ती घासते. दूध आम्ही पिशवीचं घेतो आता. तेही कुठल्या तरी म्हशींचंच असणार, आणि त्या म्हशींचं शेण कुठे जातं ते मला ठाऊक नाही.

आजोबा रोज सकाळी चहानंतर काकडीचे दोन तुकडे घेऊन खाली जातात. झाकण उचलतात, एक तुकडा टाकतात आणि कान लावून बसतात. तुकडा पाण्यावर पडल्याचा आवाज येतो. मग दुसरा टाकायच्या आधी ते खूप वेळ थांबतात. पाणी हलल्याचा आणखी काही आवाज येतो का, हे ऐकत असतात. मी वरून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. ते वर येतात तेव्हा मी विचारत नाही, आणि तेही सांगत नाहीत.

तर रविवारी फोन कराल तेव्हा कासव दाखवा म्हणू नका. काकडी टाकली का, एवढं विचारा. त्याचं उत्तर त्यांच्याकडे आहे.